एक जूनची माणसं

तिरुपूर
रविवार, ६ ऑक्टोबर २००२

प्रिय हर्षदा,

नाही केलं मी गोदीशी लग्न. आणखी किती जणांना सांगू? कसा आहेस, जेवतोस का, एवढंही न विचारता तू पहिल्याच ओळीपासून भांडायला बसलीस. माझ्या मैत्रिणीला बायको केलीस आणि मला कळवलंही नाहीस, म्हणे. अगं, धवलेरीनं गाणी म्हटली नाहीत, आयाला लुगडं मिळालं नाही, पुतळीकाकीच्या हातात देजाचे पैसे पडले नाहीत, मग लग्न कसलं? तुका इथून घरी आला आणि ताडीच्या भरात पाड्यावर जे बोलला ते तू खरं धरलंस. तसा तो खोटंही बोलला नाही. अर्धंच बोलला. उरलेलं अर्धं मी लिहितो. पण तुझी सवय मला माहीत आहे, पत्र फोडलं की तू आयाला मोठ्यानं वाचून दाखवतेस आणि तोवर गोदीची आई, पुतळीकाकी, दाराशी येऊन बसते. या वेळी तसं करू नकोस. आधी रानात जा आणि एकटी वाच.

तुझं दुसरं भांडण जुनंच आहे. गोदीला नेलंस, मला नाही नेलंस. मी पाचवीतून पळालो तेव्हापासून तू मला शाळाबुडव्या म्हणतेस आणि आता नववीत येऊन तुलाच शाळा बुडवायची आहे. माझं सोड. माझं बूड एका जागी टिकत नाही. जव्हारला मंसूरभाईंच्या दुकानात काजं-बटणं शिकायला बसलो तर चार महिन्यांत उठलो. ते म्हणालेसुद्धा, बेटा, तेरे पाँव में मशीन लगी है. मग वसईची वीटभट्टी, नाशकाची द्राक्षं, मुंब्र्याची रेती. आपली माणसं भात-नागली काढून झाली की जगायला बाहेर पडतात, मी आवणीच्याही आधी निघायचो. आया म्हणायची, हा पावसाला घाबरतो. पावसाला नाही गं. घरात चौघं एकमेकांच्या ताटाकडे बघत बसलेली मला बघवायची नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर मोखाड्याच्या बाजारात मुकादम भेटला. सावलीतलं काम, डोक्यावर पंखा, दोन वेळचं जेवण, मुलींना वेगळं राहायला, असं तो सांगत होता. वीटभट्टीनंतर सावली हा शब्द ऐकूनच मी तयार झालो. आपल्या भागातले आम्ही सातजण निघालो आणि आठवी गोदी. मुकादमानं पुतळीकाकीला उचल दिली हे खरं, पण तिच्या ओट्यावर दोन दिवस बसून तिचं मन वळवणारा मीच. तुझी पोरगी माझ्या नजरेसमोर राहील, असं मी तिला म्हणालो होतो. गोदी तेव्हा तेरा वर्षांची. कारखान्याच्या फाटकावर तर इंग्रजीत आणि तमिळमध्ये लिहिलेलं, अठरा वर्षांखालच्या कोणालाही काम नाही. मग मुकादमानं बाजारात एका टायपिंगवाल्याकडून तिचा नवा दाखला करून घेतला. टायपिंगवाला विचारायला लागला, जन्मतारीख काय टाकू? शहाणा मी पुढे झालो. म्हटलं, एक जून नको, जरा शहरातल्या माणसासारखी टाक. त्यानं टाकली सतरा नोव्हेंबर एकोणीसशे त्र्याऐंशी. गोदी वर्षभर ती पाठ करत होती. तिला ती तारीख आवडली होती. म्हणायची, दादा, माझा वाढदिवस थंडीत येतो.

इथे होतात ते कपडे तू पाहिले नाहीस. जाड कापड, आतून पिंजल्यासारखं मऊ, मागे डोक्यावर घ्यायची टोपी शिवलेली. इथल्या उकाड्यात नुसतं मांडीवर घेतलं तरी घाम फुटतो. छातीवर अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजचं नाव आणि नावाखाली अस्वलाचं तोंड. मी शिलाईला होतो, गोदी धागे कापायला. अस्वलाच्या कानाजवळ धागे सुटतात, दिवसभर तिनं तेवढेच कापायचे. ती म्हणायची, हे अस्वल मुकादमासारखंच हसतं, आधी दात दाखवतं. एखादा टाका चुकला तर माल रिजेक्ट होतो. असा माल कधीकधी आम्हाला देतात, पण देण्याआधी छातीवरचं नाव कात्रीनं गोल कापून काढतात. कॉलेजचं नाव वाईट मालावर दिसता कामा नये, असा करार आहे. तसा एक आयासाठी वामनजवळ दिलाय, तो आता घरी यायला निघालाय. समोर ताटाएवढं भोक आहे, आतून जुन्या लुगड्याचं ठिगळ लाव. मंसूरभाईंकडे नेऊ नकोस, ते हसतील.

आता लग्नाचं. जुलैत आमच्याकडे बोलवा उठली की कॉलेजची माणसं तपासायला येणार. म्हणजे झालं असं की तिकडे त्या कॉलेजची पोरं भांडली. आमच्या कॉलेजचं नाव छातीवर घालायचं असेल तर ते कुणाला कोंडून, पोराबाळांना राबवून, अर्ध्या मजुरीत शिवलेलं नको, असं म्हणत ती म्हणे त्यांच्या मोठ्या साहेबाच्या दाराशी बसून राहिली. म्हणून कॉलेजनं नियम केले आणि नियम पाळतात का ते बघायला माणसं पाठवली. हे ऐकून मी हसलो होतो. पोट भरलेल्या पोरांना धागे कापणाऱ्या गोदीचं काय पडलंय, असं वाटलं. अजूनही नीट समजत नाही. पण ती बसली होती हे खरं.

मग आठ दिवस आमची शाळा भरली. काम संपल्यावर सुपरवायझर रांगेत उभं करून विचारायचा. किती तास काम? आठ. जादा काम? मर्जीनं. पगार? सात तारखेला. संडासला जायला मिळतं? कितीही वेळा. हे म्हणताना वामन दर वेळी हसायचा आणि मार खाता खाता वाचायचा. पाचवीपर्यंत मी जेवढं पाठ केलं नव्हतं तेवढं त्या आठ दिवसांत केलं. हजेरीची नवी कार्डं आली. मोरीत साबण आला. मागच्या दाराचं कुलूप आम्ही आल्यापासून पहिल्यांदा निघालं आणि पहिल्याच दिवशी दोन शेळ्या आत शिरल्या. राहिली गोदी. कागदावर ती अठराची, पण समोर उभी केली की कुणालाही कळेल. सुपरवायझरनं तिला साडी नेसवली आणि गळ्यात काळे मणी घातले. लग्न झालेलीचं वय कोण विचारतं, असं त्याचं डोकं. पण नवरा कोण? तुका म्हणाला, मुकेशला करा, तसाही तो सोडून पळून जाणाराच नवरा आहे. सगळे हसले. गोदीही हसली. हे झालं माझं लग्न.

तपासायला दोघं आली. एक गोरा साहेब, त्याला आपली भाषा येत नव्हती. आणि बंगलोरच्या एक मॅडम, त्यांचं हिंदी माझ्यासारखंच मोडकं. गोदीला त्यांनी जवळ बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, तुम्हारा पति कौन है? गोदीनं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, वो, मुकेशदादा. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरून घसरणाऱ्या त्या साडीकडे पाहिलं. मग समोरचा दाखला उचलून पाहिला. तो स्वच्छ होता, टाईप केलेला, शिक्का ठसठशीत. सतरा नोव्हेंबर. कागदापुढे डोळ्यांचं काही चालत नाही, हर्षदा. त्यांनी बरोबरची खूण केली आणि तिला जायला सांगितलं.

मग आमच्या सातजणांचे दाखले टेबलावर आले. सगळे खरे, आपल्याच शाळेचे, भोये गुरुजींच्या हातचे. वर्षं वेगवेगळी, तारीख मात्र एकच. एक जून, एक जून, एक जून. कारखान्याचा साहेब पत्ते लावल्यासारखे ते एकाखाली एक लावत गेला आणि म्हणाला, सातों की माँ एक ही दिन अस्पताल गई थी क्या? मी सांगायला गेलो. म्हटलं, साहेब, हमारे यहाँ सबको गुरुजीने एक जून को पैदा किया. झालं, हसू थांबेना. मी पुन्हा सांगितलं. आमच्या पाड्यावर तारीख कोण लिहून ठेवतो? आया सांगते, नागली निंदत होतो तेव्हा झाला, किंवा राब भाजला त्या आठवड्यात. गुरुजी पोराला उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावायचे. बोटं डाव्या कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं झालं, घाला पहिलीत. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून जन्म एक जूनचा. मी तसा हात करूनही दाखवला. वीस वर्षांचा बाप्या, डोक्यावरून हात घेऊन कान धरून उभा. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा हात डोक्यावरून नेला, कानाला लावून पाहिला. मला वाटलं, पटलं यांना. पण शेवटी त्यांनी वहीत काहीतरी लिहिलंच.

पंधरा दिवसांनी कारखान्याचा निकाल आला. दाखले संशयास्पद, वय सिद्ध होत नाही, सातही जण उद्यापासून बंद. वामनला दोन पोरं आहेत, त्याचा एक दात पडलाय, तरी त्याचं वय सिद्ध झालं नाही. गोदी चौदा वर्षांची, तिचं झालं. मी आणि वामन सोडून तुका आणि बाकीचे गाडीत बसले. कल्याणपर्यंत दीड दिवस ते मुकादमाला शिव्या देत गेले असतील.

तू विचारलंस, काम सुटलं तर तू का आला नाहीस, तिकडे काय पुरून ठेवलंयस? आणि मग स्वतःच उत्तर लिहिलंस, बायको. बायको नाही गं. मी वामनबरोबर रंगाच्या कारखान्यात गाठोडी उचलतोय, रोजावर. पाठ हिरवी-निळी होते, साबणानं जात नाही. आजवर कुठल्याही गावात मी एवढा थांबलो नव्हतो, आणि कुठल्याही गावाचा एवढा कंटाळाही आला नव्हता. पण गोदीला एकटी टाकून कसा येऊ? आम्ही सातजण आत होतो तेव्हा जेवायच्या सुट्टीत ती आमच्यात येऊन बसायची, आपलं बोलायची. आता आत तिच्या बोलीचं एकही माणूस नाही. मुलींना फक्त रविवारी दोन तास बाहेर सोडतात. मी फाटकासमोर वडे विकतात तिथे थांबतो. मागचे दोन रविवार ती आलीच नाही, जादा काम होतं म्हणे. मर्जीनं.

आज आली. सांगायची ती हीच गोष्ट, बाकीचं सगळं मी उगाच लांबवतोय. ती बारीक झालीय म्हणावं तर ती पहिल्यापासूनच बारीक. गळ्यात ते काळे मणी अजून आहेत. सुपरवायझर काढू देत नाही, पुन्हा तपासणी आली तर असावेत म्हणून. मी वडा घेऊन दिला. तिनं विचारलं, दादा, नागलीची कणसं भरली असतील ना आता? मी म्हटलं, भरली असतील, पाखरं हाकायला तुझी आई जात असेल. तिनं मान हलवली. मी उजाड झालेल्या खळ्याचं, तुझ्या पत्राचं काहीबाही बोलत होतो आणि बघतो तर ती बसल्या जागी झोपलेली. वडा हातात तसाच. एक घास खाल्लेला. वडेवाल्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघायला लागलो. दोन तास ती तशीच झोपली. मी तिच्यावर सावली पडेल असा बसून राहिलो. भोंगा झाला तेव्हा उठली, वडा कागदात गुंडाळला, म्हणाली, आईला सांगू नको हां, आणि आत गेली.

आता माझ्या पापाचं. त्या तपासणीच्या दिवशी मॅडमनी मला नंतर एकट्याला बाजूला घेतलं होतं. विचारलं, इथे कोणी लहान आहे का, खरं सांग. लहान सापडली तर तिला रिकाम्या हातानं हाकलायचं नाही असा नियम आहे. कारखान्यानं तिला घरी पोचवायचं, शाळेत घालायचं, वय होईपर्यंत महिन्याला पैसे द्यायचे, आणि उचल फिटली-न-फिटली असं कोणी म्हणायचं नाही. एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. मी काय केलं असेल? मी म्हटलं, कोई नहीं मॅडम. आमची बायको अठराची. आठ दिवस सगळ्यांना पाठ केलेलं बोलताना ऐकून माझं डोकं असं झालं होतं की मला वाटलं, ही बाईपण पाठ करूनच आली असेल.

आज गोदी आत गेल्यावर मी बूथवर जाऊन तो नंबर फिरवला. रविवार असूनही मॅडमनी उचलला. नाव सांगितलं तर कळेना, मग त्याच म्हणाल्या, अच्छा, वो एक जून वाला? मी सगळं सांगितलं. टायपिंगवाल्यापासून वड्यापर्यंत. बूथच्या मीटरवर पैशांचे आकडे पळत होते. मग म्हणाल्या, मुझे उसी दिन लगा था. पण लगा था यावर काही होत नाही, कारखान्याकडे तिच्या वयाचा कागद आहे, त्याच्यासमोर दुसरा कागद ठेवावा लागेल. शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणा, मी स्वतः येते. मी विचारलं, मॅडम, त्याच्यावरपण एक जूनच असेल, मग त्यालाही खोटा म्हणाल का? म्हणाल्या, जिस गुरुजीने लिखा, उनसे लिखवा के लाओ.

तर हर्षदा, भांडण राहू दे आणि हे कर. शाळेत क्लार्ककडे गोदीच्या नावाचा रजिस्टर उतारा माग. तू तिथेच शिकतेस, तुला नाही म्हणणार नाहीत, पण पालकाचा अंगठा लागेल. म्हणजे पुतळीकाकीला सांगावं लागेल. तिला वाटतंय पोरगी सावलीत आहे, आता तर लग्नही झालं. तिला खरं तूच सांग, मला कागदावर जमत नाही. आईला सांगू नको असं गोदीचं म्हणणं होतं, तेही सांग. मग दोघी मिळून जामसरला गुरुजींकडे जा, रिटायर झाल्यापासून ते तिथेच राहतात. त्यांना म्हणावं, गुरुजी, इतकी वर्षं पाड्यावरची सगळी पोरं तुम्ही जन्माला घातलीत, आता एकीच्या जन्माची साक्ष द्या. कान कसा धरायला लावायचात ते, एक जून का लिहायचात ते, सगळं तुमच्या अक्षरात लिहून खाली सही करा. ज्या तारखेनं आम्हा सातजणांना बाहेर काढलं तीच गोदीला बाहेर काढते का बघू. हा उतारा मान्य झाला तर माझं खोटंही उघडं पडेल, मुकादम मला मोखाड्यात उभा करणार नाही आणि आपल्याकडच्या कुणालाही इथे पुन्हा काम मिळणार नाही. तुका दारात येऊन शिव्या देईल, देऊ दे. मॅडमचा नियम खरा निघतो की नुसता पाठ केलेला, तेही मला माहीत नाही. आणि तू पत्राच्या शेवटी जे ऐटीत लिहिलंस, मुकादम दिवाळीला येतोय, मी हो म्हटलंय, त्यानं मला दाखलासुद्धा करून दिलाय, नऊ फेब्रुवारी, तो दाखला आजच चुलीत घाल. तू एक जूनचीच बरी आहेस.

तुझाच दादा,
मुकेश

ता. क. दर महिन्याचे सातशे या वेळी नाहीत, आयाला सांग. वामनजवळ दिलेत ते झेरॉक्स, रजिस्टर पोस्ट आणि जामसरच्या जीपचे. जीपचं भाडं तुझं आणि पुतळीकाकीचं, दोघींचं धरलंय. ती पहिल्या दिवशी यायला नाही म्हणाली तर एकटी जाऊ नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या ओट्यावर जाऊन बस. मीही दोन दिवस बसलो होतो. वामनजवळ दिलेत ते सगळे मिळून एकशे साठ रुपये.